ठिपक्यांचे बंदर: बिंदुवादी पद्धतीने तैलचित्र कसे रंगवावे

बंदरगावाचे चित्र बिंदुवादी पद्धतीने, म्हणजे शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी शेजारी मांडून, रंगवायला बसलेला नवशिका चित्रकार बहुधा पहिल्याच दिवशी एक चूक करतो. तो पॅलेटवर नेहमीसारखे रंग मिसळून घेतो, म्हणजे पाण्यासाठी राखी निळा, धक्क्यासाठी तपकिरी, होडीसाठी मळकट लाल, आणि मग तेच मिश्रण ब्रशच्या टोकाने ठिपक्याठिपक्यांनी कॅनव्हासवर उतरवतो. असे चित्र लांबून पाहिले तर नेहमीच्या तैलचित्राचा पृष्ठभाग खरबरीत झाल्यासारखे दिसते. प्रकाश त्यात कुठेच नसतो. या पद्धतीचा एक प्रमुख फ्रेंच चित्रकार पॉल सिन्याक याला ‘बिंदुवाद’ हे नाव आवडत नसे, तो ‘विभाजन’ हा शब्द पसंत करी, आणि त्यामागचे कारण हेच होते. रंग पॅलेटवर न मिसळता कॅनव्हासवर वेगवेगळे ठेवणे हे या पद्धतीचे तत्त्व आहे आणि ठिपका हे त्याचे केवळ साधन आहे. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

काम सुरू करण्यापूर्वी दोन चित्रकारांची बंदरे निरखून पाहावीत. या पद्धतीचा फ्रेंच प्रवर्तक जॉर्ज सरा याने आपल्या छोट्या आयुष्यातील (1859 ते 1891) अनेक उन्हाळे इंग्लिश खाडीच्या फ्रेंच किनाऱ्यावर घालवले: 1885 मध्ये ग्रांकाँ, 1886 मध्ये ओनफ्लर, 1888 मध्ये पोर्त-आँ-बेसाँ, 1889 मध्ये ल क्रोत्वा आणि 1890 मध्ये ग्राव्हलिन. यांपैकी पोर्त-आँ-बेसाँ या मच्छीमार गावाची त्याने सहा चित्रे केली. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये असलेल्या त्यांतील एका चित्रात समुद्रावर ढगांच्या लंबगोल सावल्या पसरल्या आहेत, होड्या अगदी लहान आहेत, आणि तरीही सारे दृश्य विलक्षण स्थिर वाटते. सिन्याकचे बंदर याहून वेगळे आहे. तो स्वतः कसलेला दर्यावर्दी होता आणि 1892 साली आपल्या ‘ऑलिम्पिया’ या शिडाच्या नौकेतून भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरील सँ-त्रोपे येथे पोहोचला. तेथे त्याने वर्षानुवर्षे तेच बंदर, तीच घरे आणि तीच शिडे रंगवली, आणि त्या काळात त्याचा ठिपका हळूहळू मोठा होत मोझेकच्या चौकोनी तुकड्यासारखा झाला. सराचा बारीक ठिपका दमट, निवळ उजेडाला शोभतो, तर सिन्याकचा रुंद तुकडा दक्षिणेच्या प्रखर उन्हाला. आपल्याकडील किनाऱ्यावर रंगवणाऱ्याने, माझ्या मते, सिन्याककडून अधिक घ्यावे.

रंगांचा जो नियम या दोघांनी आधाराला घेतला, त्याचा उगम चित्रशाळेत नाही, तर गालिचे आणि भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख असलेल्या मिशेल-यूजीन शेव्हरॉल या रसायनशास्त्रज्ञाकडे काळा रंग फिका पडत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. दोष रंगात नसून त्या काळ्या धाग्याशेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत आहे, असे त्याच्या ध्यानात आले. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांचे रूप बदलतात. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरोधी, म्हणजे रंगचक्रावर आपल्या समोर असलेल्या, रंगाकडे ढकलतो. हे विवेचन त्याने 1839 मध्ये प्रसिद्ध केले. बंदर रंगवताना या नियमाचा उपयोग पावलोपावली होतो. नारिंगी होडीशेजारचे पाणी अधिक निळे भासते, आणि ते तसे भासते म्हणूनच रंगवतानाही होडीच्या कडेला निळ्याचे ठिपके थोडे दाट पडायला हवेत.

मात्र एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे, कारण माझे पहिले बंदरचित्र त्यामुळेच फसले होते. उथळ पाण्याचा हिरवा रंग मिळवण्यासाठी मी निळ्या आणि पिवळ्या ठिपक्यांची दाट पेरणी केली होती, आणि चार पावले मागे जाऊन पाहिले तेव्हा पाणी हिरवे न दिसता राखेसारखे दिसले. निळा आणि पिवळा रंग एकत्र घोटले की दोन्ही रंगद्रव्ये आपापल्या वाट्याचा प्रकाश शोषून घेतात आणि दोघांनीही न शोषलेला हिरवा तेवढा उरतो. ठिपके शेजारी ठेवल्यावर मात्र त्यांच्यावरून परतलेल्या प्रकाशांची डोळ्यात सरासरी होते, आणि पिवळ्या-निळ्याची सरासरी करड्याच्या जवळ जाते. म्हणून हिरवे पाणी हवे असेल तर ठिपकाही हिरवाच हवा: विरिडियन या गडद हिरव्या रंगाचे ठिपके, त्यांत लेमन यलो आणि पांढऱ्याच्या मिश्रणाचे काही, आणि खोली दाखवण्यासाठी थोडे कोबाल्ट ब्लू. शंका असेल तेथे पुठ्ठ्याची गोल चकती कापून तिच्या निम्म्या भागावर एक आणि निम्म्यावर दुसरा रंग लावावा आणि ती भिंगरीसारखी वेगाने फिरवून पाहावी. ऑग्डेन रूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने अशाच फिरत्या चकत्यांवर प्रयोग करून 1879 मध्ये रंगांवरचा आपला ग्रंथ लिहिला, आणि सराने तो अभ्यासला होता. पाच मिनिटांची ही चाचणी अनेक दिवसांची मेहनत वाचवते.

ठिपका किती मोठा असावा, हा प्रश्न डोळ्याच्या क्षमतेशी बांधलेला आहे. निरोगी डोळा साधारण एका कलेइतके, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतके अंतर वेगळे ओळखू शकतो. त्या हिशेबाने 3 मिलिमीटरचे ठिपके पूर्णपणे एकजीव दिसायला सुमारे 10 मीटर दूर जावे लागेल. घरातल्या खोलीत एवढे अंतर मिळत नाही, म्हणून ठिपके सदैव अर्धवटच मिसळलेले दिसतील, आणि पृष्ठभागाची जी थरथर आपल्याला या चित्रांत मोहवते ती याच अर्धवट मिसळण्यातून येते. आणखी एक बाब याहून महत्त्वाची आहे. डोळा उजेड-अंधारातील फरक बारकाईने टिपतो, परंतु नुसत्या रंगछटेतील फरक त्याला तितका बारकाईने दिसत नाही. त्यामुळे शेजारचे दोन ठिपके रंगाने कितीही भिन्न असले तरी उजळपणाने सारखे असतील तर लवकर मिसळतात. आणि एक फिका व दुसरा गडद असेल तर ते शेवटपर्यंत तीळ सांडल्यासारखे वेगळे राहतात. गडद अल्ट्रामरिन निळा थेट फिकट नारिंगीशेजारी ठेवू नये. आधी त्यात पांढरा घालून त्याला नारिंगीच्या पातळीवर आणावे.

16×20 इंचांच्या कॅनव्हासवर 3 मिलिमीटरचे ठिपके किंचित फट सोडून मांडले, तर एका थरात सुमारे 17 हजार ठिपके लागतात. मिनिटाला वीस या संथ गतीने हे काम चौदा तासांचे होते, आणि थर एकाहून अधिक असतात. हा आकडा घाबरवण्यासाठी दिलेला नाही. पहिल्या चित्रासाठी याहून मोठा कॅनव्हास घेऊ नये, एवढेच त्यातून घ्यावे.

आता प्रत्यक्ष बंदराकडे वळू. सिन्याकने 1892 नंतर उघड्यावर जलरंगात टिपणे करायची आणि तैलचित्र चित्रशाळेत पूर्ण करायचे, अशी रीत ठेवली, आणि या पद्धतीला तीच सोयीची आहे, कारण चौदा तास उजेड एका जागी थांबत नाही. आपल्याला हाताशी असलेले कोणतेही बंदर चालेल. उदाहरणादाखल मी दापोली तालुक्यातील हर्णे घेतो: समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर दीपगृह, आणि नांगरलेल्या नौकांवर फडफडणारी रंगीत निशाणे. सकाळी सूर्य पाठीशी असतो, तेव्हा किल्ल्याचा तट आणि नौकांचे रंग स्पष्ट दिसतात. संध्याकाळी, मासळीच्या लिलावाच्या वेळी, सूर्य समुद्राच्या बाजूला उतरतो आणि किल्ला जवळजवळ एकाच जांभळट आकारात उभा राहतो. बिंदुवादी चित्राला मी संध्याकाळ निवडतो, कारण तेव्हा नारिंगी उजेड आणि निळी सावली ही विरोधी जोडी निसर्गच पुढे ठेवतो. दोन-तीन दिवस लागोपाठ जाणार असाल तर भरती-ओहोटीचे भान ठेवावे. पाण्याची तीच पातळी दुसऱ्या दिवशी साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते, आणि नांगरलेल्या होड्या वारा व प्रवाहानुसार तोंडे फिरवतात. राज्यात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. तेव्हा पाण्यावरची शिडे व निशाणे मिळणार नाहीत, मात्र नौकांच्या पोटाचे आकार निवांतपणे अभ्यासता येतील.

टिपणांत तीन गोष्टी असाव्यात: पोस्टकार्डाएवढे एक रंगीत टिपण, एक फक्त काळ्या-पांढऱ्यातील आराखडा आणि काही शब्द, जसे ‘धक्क्याची उन्हातली बाजू पिवळट नारिंगी, सावलीत जांभळी, पायाशी पाण्याचा हिरवा उजेड वर चढलेला’. छायाचित्र अवश्य घ्यावे, पण ते फक्त रेखनासाठी वापरावे. कॅमेरा सावल्या काळ्या करून टाकतो, आणि सावलीतले रंग हा तर या चित्राचा प्राण आहे.

मांडणीत आडव्या रेषांना आधार करावे. क्षितिज कॅनव्हासच्या बरोबर मध्यावर न घेता वरच्या तिसऱ्या भागाजवळ घ्यावे, म्हणजे पाण्याला जागा मिळते. धक्का, ओहोटीची रेघ आणि क्षितिज यांना छेदणाऱ्या डोलकाठ्या मोजक्याच घ्याव्यात. बंदरात त्या पन्नास दिसत असतील, चित्रात सात पुरतात. सराच्या बंदरांतील शांतता या निवडीतूनच आली आहे.

साहित्याबाबत थोडक्यात. कॅनव्हास पांढऱ्या गेसोचा, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचा, असावा, कारण ठिपक्यांमधल्या फटींतून तो उजळ दिसत राहतो. पिवळ्यात लेमन यलो आणि कॅडमियम यलो, पुढे कॅडमियम ऑरेंज, कॅडमियम रेड, गुलाबीसाठी क्विनॅक्रिडोन रोझ, निळ्यात अल्ट्रामरिन, कोबाल्ट आणि सेरुलियन, हिरव्यासाठी विरिडियन आणि पांढऱ्यासाठी टायटॅनियम व्हाइट एवढ्या ट्यूब पुरेत. काळा, बर्न्ट अंबर, यलो ऑकर हे रंग पेटीतच ठेवावेत. ट्यूबवर रंगाच्या नावापुढे ‘ह्यू’ असे लिहिलेले असेल तर आत मूळ द्रव्याऐवजी पर्यायी द्रव्य असते. सरावाला ते चालते, पण शुद्ध ठिपक्याचे तेज त्यात नेहमीच मिळते असे नाही. रंगाच्या टिकाऊपणाची खूण पाहूनच ट्यूब घ्यावी. सराच्या ‘ला ग्रांद जात बेटावरील रविवारची दुपार’ या सुप्रसिद्ध चित्रातील झिंक यलो काही वर्षांतच तपकिरी पडू लागला आणि उन्हातल्या हिरवळीचे काही ठिपके कायमचे मळले, हे उदाहरण डोळ्यांपुढे असावे.

पॅलेटची मांडणीही सराकडून घेता येते. वर शुद्ध रंगांची ओळ, तिच्याखाली त्याच रंगांत पांढरा मिसळलेली ओळ आणि त्याखाली नुसता पांढरा. इंद्रधनुष्याच्या क्रमात शेजारी असलेले दोन रंग, उदाहरणार्थ निळा व जांभळा, आपसांत मिसळण्याची मुभा आहे. रंगचक्रावरचे समोरासमोरचे रंग मात्र पॅलेटवर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. प्रत्येक रंगघराण्याला वेगळा ब्रश हवा. 2 ते 4 नंबरचे राठ केसांचे, गोल किंवा चपटे असे सहा ब्रश घ्यावेत. रंग लोण्याइतका घट्ट असावा. तेल अधिक वाटले तर तो तासभर वर्तमानपत्राच्या कागदावर काढून ठेवावा, कागद तेल शोषून घेतो.

रेखन पातळ अल्ट्रामरिनने करावे, पेन्सिलीने नको, कारण शिसे फिक्या ठिपक्यांतून वर डोकावते. त्यानंतर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या रंगाने पाच पातळ्यांत उजेड-अंधार मांडून घ्यावा: सर्वांत उजळ आकाश, मग पाणी, मग उन्हातला धक्का, मग सावल्या आणि सर्वांत गडद नौकांचे पोट. डोळे बारीक करून पाहावे किंवा मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढावे. बंदर त्यातही ओळखू येत असेल तरच पुढे जावे. या टप्प्यावर राहिलेली चूक कितीही ठिपके दिले तरी भरून निघत नाही.

ठिपके देताना एका जागेचे काम एका दमात संपवू नये, तर संपूर्ण कॅनव्हासवर एकेक विचार पसरवत जावे. धक्क्याच्या दगडी भिंतीचे उदाहरण घेऊ. पहिला विचार दगडाच्या स्वतःच्या रंगाचा: फिकट जांभळट गुलाबी ठिपके, निम्म्याहून थोडी अधिक जागा व्यापणारे, मध्ये फटी राखून. दुसरा विचार उजेडाचा: उन्हाच्या बाजूला नारिंगी आणि पिवळ्याचे ठिपके, वरच्या कडेला दाट आणि खाली विरळ. तिसरा विचार परावर्तनाचा: भिंतीच्या पायथ्याशी पाण्यावरून उसळलेला सेरुलियन व फिकट हिरवा. चौथा विचार विरोधाचा: सावलीच्या भागात अल्ट्रामरिन आणि जांभळ्याचे ठिपके, आणि ती सावली मरू नये म्हणून त्यांच्यामध्ये शंभरात पाच-सहा नारिंगी. हे प्रमाण मी अनुभवाने सांगतो. नारिंगीचे ठिपके निळ्याच्या बरोबरीला आले की सावली पुन्हा करडी होते. ब्रश कॅनव्हासला काटकोनात टेकवून सरळ उचलावा, ओढू नये, आणि दोन विचारांमध्ये रंग स्पर्शाला सुकू द्यावा. कोरड्या हवेत याला तीन ते पाच दिवस लागतात, कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात त्याहून बरेच अधिक. कॅडमियम आणि टायटॅनियम सावकाश सुकतात, कोबाल्टचे रंग लवकर.

पाण्याला मात्र गोल ठिपका चालत नाही, असे माझे ठाम मत आहे. पाणी हा आडवा पृष्ठभाग आहे आणि तो आडव्या, किंचित लांबट तुकड्यांनीच आडवा पसरतो. क्षितिजाजवळ हे तुकडे बारीक आणि एकमेकांना चिकटून, तर पायाशी मोठे आणि सुटे असावेत; एवढ्या एका फरकाने खोली येते. नौकेचे प्रतिबिंब तिच्या रंगापेक्षा थोडे कमी उजळ व कमी तीव्र घ्यावे. शिडाचे किंवा निशाणाचे प्रतिबिंब सलग न रंगवता आकाशाच्या रंगाच्या आडव्या तुकड्यांनी ठिकठिकाणी तोडावे. संध्याकाळच्या सूर्याची पाण्यावरची वाट पांढऱ्याने करण्याचा मोह होतो. त्याऐवजी फिकट पिवळ्याचे तुकडे घ्यावेत आणि त्यांच्या दोन्ही अंगांना फिकट जांभळ्याची दाटी करावी, म्हणजे ती वाट खरोखर चमकते.

कडांचे काम सर्वांत सूक्ष्म आहे. गडद किल्ला उजळ आकाशाला भिडतो तेथे आकाश किंचित अधिक उजळ आणि किल्ल्याची कड किंचित अधिक गडद दिसते. तटापासून दूर जावे तसा हा फरक विरत जातो. सराने ही आभा आपल्या समुद्रचित्रांत फार विचारपूर्वक वापरली आहे. किल्ल्याभोवती बोटभर पट्ट्यात आकाशाच्या ठिपक्यांत पांढरा वाढवावा आणि तटाच्या कडेवर अल्ट्रामरिनची एक दाट रांग द्यावी. बाह्यरेषा काढण्याची गरज उरत नाही. डोलकाठीही अशीच उभी राहते: उजेडाच्या बाजूला नारिंगीच्या उभ्या लांबट तुकड्यांची एक रांग, सावलीच्या बाजूला जांभळ्याची, आणि दोन्हीकडे थोडे उजळलेले आकाश. दोरखंड बहुतेक गाळावेत, कारण बारीक रेघ आली की ठिपक्यांचे सारे विणकाम तिच्यापुढे दुबळे वाटू लागते.

दर अर्ध्या तासाला उठून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जावे. एखादा भाग मळका दिसला तर त्यावर आणखी रंगीत ठिपके टाकण्याची घाई करू नये. तेथे विरोधी रंग समसमान झाले आहेत का, ते आधी मोजावे. झाले असतील तर ओला रंग पॅलेट नाइफने खरवडून गेसोपर्यंत जावे, आणि दोहोंपैकी एका रंगाला स्पष्ट बहुमत द्यावे.

चित्राची चौकट हाही रंगकामाचा भाग समजावा. पोर्त-आँ-बेसाँच्या काही चित्रांना सराने कॅनव्हासवरच ठिपक्यांची किनार रंगवली आहे, आणि चित्राच्या त्या त्या भागाला विरोधी असा रंग ती कडेने धरत जाते. संध्याकाळच्या नारिंगी आकाशालगत निळी, तर हिरव्या पाण्यालगत तांबूस जांभळी अशी सेंटिमीटरभर रुंदीची किनार करून पाहावी. सोनेरी चौकटीपेक्षा ती चित्राला अधिक मानवते.

काम करताना खिडकी उघडी ठेवावी, कॅडमियमचे वाळलेले रंग कधीही घासू नयेत आणि हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा स्वतःच तापून पेट घेऊ शकतो, म्हणून त्या पाण्यात भिजवून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात. पूर्ण झालेले चित्र किमान सहा महिने, आणि ठिपके जाड असतील तर वर्षभर, धूळ न लागणाऱ्या हवेशीर जागी उभे ठेवावे व त्यानंतरच व्हार्निश द्यावे. व्हार्निश चकचकीत नको, कारण प्रत्येक ठिपक्याच्या उंचवट्यावर दिव्याची तिरीप उमटून रंग झाकले जातात. कॅनव्हासच्या मागे बंदराचे नाव, तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि वापरलेल्या रंगद्रव्यांची यादी लिहून ठेवावी, म्हणजे त्याच धक्क्यावर पुन्हा जाल तेव्हा दुसरे चित्र कोठून सुरू करायचे ते शोधावे लागणार नाही.